मास्तरांचा मासा

शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाला चित्र सोडून सगळं काढायला लावतात. बाहेरच्या फळ्यावर रोजचा सुविचार, शारदोत्सवाची सरस्वती, स्नेहसंमेलनाच्या पडद्यावरचे डोंगर, खेळांच्या दिवशी मैदानात फक्कीच्या रेघा. प्रमाणपत्रांवर मुलांची नावं घालायची, कारण माझं अक्षर बरं. मुख्याध्यापकांच्या पुतणीच्या लग्नाची पाकिटंही मीच लिहिली, कारण तेच. आणि एवढं करून एखाद्या वर्गाचं गणित मागे पडलं, की बापटसर माझ्या तासाला दारात उभे. "परब, तुमचं काय, चित्रं काय घरीपण काढतील पोरं!"

अंधेरी पश्चिमेच्या एका मराठी शाळेत मी हे सगळं वर्षानुवर्षं केलं. कला महाविद्यालयातून बाहेर पडलो तेव्हा मी चित्रकार होणार होतो. नोकरी मिळेपर्यंत म्हणून शाळेत शिकवणार होतो. पण शाळा हीच नोकरी आहे, हे लक्षात यायला बारा वर्षं गेली. तोवर पलंगाखालच्या पेटीत माझ्या रंगाच्या ट्यूबा इतक्या कडक झाल्या होत्या, की शालिनी, म्हणजे माझी बायको, त्यातली एक कपाटाच्या पायाखाली टेकू म्हणून वापरत होती. क्रिमसन लेक, गडद लाल. चांगली टिकली.

या बारा वर्षांत मी एक गोष्ट मात्र निर्माण केली, ती म्हणजे माझा मासा. फळ्यावर खडूने दोन कमानी, शेपटीशी फुली, वर गोल डोळा, पोटावर चंद्रकोरींसारखे खवले आणि तोंडाला थोडं हसू. सात सेकंदांत तयार. पाचवीतल्या मुलालाही जमायचा. वर्गात तळं काढा, समुद्र काढा, मत्स्यालय काढा, सगळीकडे तोच.

सन ऐंशीनंतरच्या एका दिवाळीआधी सहामाहीला सातवीच्या पेपरात मी स्मरणचित्राला विषय दिला, 'मासळी बाजार'. स्मरणचित्र म्हणजे समोर काही ठेवायचं नाही, पाहिलेलं आठवून काढायचं. पेपर तपासायला बसलो तर गठ्ठाभर पेपरांत माझाच मासा हसत होता. टोपलीत हसतोय, फळीवर हसतोय, कोळणीच्या हातात कापला जातानाही हसतोय. मी खुशीत मार्क देत गेलो.

प्रमिलेचा पेपर आला आणि हात थांबला. ही वर्सोव्याच्या, म्हणजे वेसाव्याच्या, कोळीवाड्यातली मुलगी, मागच्या बाकावर बसायची, बोलायची कमी. तिच्या बाजारात एकही मासा हसत नव्हता. फळीच्या कडेवरून काहीतरी ओल्या मोज्यांसारखं लोंबत होतं. एका चपट्या वस्तूला मान नव्हती. खवले कुठेच नाहीत. मी पन्नासपैकी अठरा दिले आणि तांबड्या पेनाने शेरा मारला, 'मासे नीट काढावेत.'

पेपर मुलांना परत दिले त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिपाई धावत आला. "परबसर, ऑफिसात चला. एक कोलीण आलीय. माशांची पाटी घेऊन."

आमचे मुख्याध्यापक देवस्थळीसर पार्ल्याचे, कडक शाकाहारी. ते खुर्चीत मागे रेलून नाकाला रुमाल लावून बसले होते. समोर प्रमिलेची आई हिराबाई, कमरेवर हात. टेबलावर हजेरीपटाच्या शेजारी वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर एक पापलेट, दोन बोंबील. बाजूला प्रमिलेचा पेपर.

"तू मास्तर काय?" हिराबाईने मला विचारलं. "माज्या पोरीला तूच बोल्लास, मासे नीट काड?"

"हो, म्हणजे…"

"ह्यो बोंबील. ह्याला खवला कुटं हाय दाखव. आनि ह्यो हसतो कदी?"

मी पाहिलं. बोंबील हसत नव्हता. तोंड भलं मोठं उघडून, अंग टाकून, फळीवरून लोंबावा तसाच टेबलाच्या कडेवरून लोंबत होता. ओल्या मोज्यासारखा. प्रमिलेच्या पेपरात होता तसा.

"परब," रुमालाआडून देवस्थळीसर म्हणाले, "या बाईंचं समाधान करा. तुम्ही तज्ज्ञ आहात. फळ्यावर काढून दाखवा बरोबर कसा असतो, आणि मिटवा."

मी खडू उचलला. आता हे वाचणाऱ्याला सांगायला हवं, की मी मालवणकडचा. जन्मल्यापासून मासे खाल्ले. काटा न लागता बांगडा सोलणं मला चौथ्या वर्षी येत होतं. पण समोर ठेवून मासा मी कधी काढला नव्हता. हात आपोआप कमान काढायला निघाला, मी तो आवरला, मग रेघ कुठून सुरू करायची तेच कळेना. तीन वेळा पुसलं. चौथ्यांदा जे झालं त्याकडे आम्ही तिघं बघत राहिलो.

"मला हे पडवळ वाटतंय," देवस्थळीसर म्हणाले. "अर्थात माझा अनुभव मर्यादित आहे."

हिराबाई मोठ्याने हसली नाही. तेच लागलं. तिने मला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, मासली खातोस तवा डोले मिटून खातोस का रं?"

मी तिथल्या तिथे अठराचे चव्वेचाळीस केले. तिने पेपरकडे बघितलंही नाही. "मार्क घेऊन मी काय करू? तू शिक. आयतवारी सकाली चार बंगल्याच्या बाजारात ये, माज्या बाजूला बस." बोंबील पाटीत टाकले आणि पापलेट तिथेच ठेवला. "ह्यो ऱ्हाऊ दे. घरी काडून बग."

तो पापलेट ऑफिसातून बाहेर नेईपर्यंत देवस्थळीसर उभेच होते.

संध्याकाळी घरी मी पापलेट थाळीत ठेवला, कागद-पेन्सिल घेतली आणि त्याच्यासमोर बसलो. अर्धा तास गेला. शालिनी कुडाळची, तिला पापलेट समोर असताना वाट बघायची सवय नव्हती.

"चित्र जाला काय?"

"थांब जरा. अजून तोंड जमत नाय."

"तोंड तुमका जमाचा नाय आणि माका वाट बघूक जमाची नाय. मी आता वाटप वाटूक बसतंय. वाटप जाला काय मासो माजो."

तिने पाट्यावर खोबरं घेतलं. घर्र घर्र सुरू झालं. तो आवाज ऐकत मी काय झपाट्याने काढलं! पुसायला वेळच नव्हता. वाटप झालं, तिने थाळी उचलली, आणि कागदावर जे राहिलं ते चित्र म्हणून वाईट होतं. पण ते पडवळ नव्हतं. त्या रात्री आमटी खाताना मला फार विचित्र वाटत होतं. ज्याच्याकडे अर्धा तास निरखून पाहिलं त्याला खायचं म्हणजे… पण खाल्लं. चांगली झाली होती.

रविवारी बाजारात गेलो. हिराबाईने बर्फाचा एक खोका उपडा करून दिला. मी वही काढून बसलो आणि पाचच मिनिटांत ओळीतल्या निम्म्या कोळणींचे तराजू गायब झाले. वही-पेन्सिल घेऊन इकडेतिकडे बघणारा, चष्मा लावलेला माणूस म्हणजे वजनं तपासणारा साहेब, असं त्यांना वाटलं. गिऱ्हाइकं ताटकळली. शेवटी हिराबाईला उठून ओरडावं लागलं, "अगो, सायब नाय! मास्तर हाय! शिकाला आलाय!" मग काय, सगळा बाजार मला शिकवायला लागला.

"मास्तर, सुरमईचा डोला बग, डोला! डोल्यात जीव हाय का नाय?"

"माज्या नाकातली एवडीशी का काडलीस? मोटी काड. सोन्याची हाय."

"हिला बारीक काडलीस रे मास्तर, नवऱ्याला वलखू येल का?"

मॉडेल म्हणून न हलता बसणं हा प्रकार त्या बाजारात कुणालाच माहीत नव्हता. कोयता चालू, हात चालू, तोंड चालू. मासे हलत नव्हते, पण तेही थांबत नव्हते. आठ वाजता जो पापलेट चांदीसारखा होता तो दहाला शिशासारखा व्हायचा. आणि नेमकं डोळ्यापर्यंत यावं तर कुणीतरी तो विकत घेऊन जायचं. एकदा मी एका गृहस्थांना म्हटलं, "दोन मिनिटं थांबता का, शेपूट राहिलीय." ते दुसरीकडे गेले. हिराबाईने मला जे ऐकवलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

पण मी जात राहिलो. बारा वर्षांनी माझ्या बोटांना शिशाचा काळा डाग पडला होता आणि तो खडूचा नव्हता. नवे रंग आणले. शालिनी रविवारी मी काय आणतो याकडे डोळे लावून असायची आणि वाटप मुद्दाम सावकाश वाटायची, हे मला फार उशिरा कळलं.

मात्र सारखे माशांचे चेहरे बघण्याचा एक दुष्परिणाम झाला. सोमवारी शिक्षकांच्या खोलीत शिरलो की मला तिथे माणसं दिसेनात. प्राथमिकच्या बाई नेहमी एका घोळक्याने चहाला जायच्या, त्या मांदेली. बापटसर दोन बाजूंना लांब मिशा ठेवून होते आणि जवळ गेलं की टोचायचे. शिंगाळ्यालाही मिशा असतात, काटाही. आणि देवस्थळीसर? रुंद, शांत, भारदस्त, तोंड अगदी लहान. दुसरं काही असूच शकत नव्हतं. मी एक वेगळी वही केली. पापलेटाला सोनेरी काडीचा चष्मा, शिंगाळ्याच्या परांमध्ये मोठा कंपास. कित्येक वर्षांत इतकी मजा आली नव्हती. ही कुणाच्या सांगण्यावरून काढलेली चित्रं नव्हती. ती माझीच होती.

आणि ती वही मी नववीच्या वह्यांच्या गठ्ठ्यात घालून ऑफिसात पाठवली.

मुख्याध्यापक दर सत्राला एका वर्गाच्या वह्या तपासायचे. चूक लक्षात आली तोवर गठ्ठा देवस्थळीसरांच्या घरी गेला होता. दोन दिवस ते मला दिसले की नुसतं "हं" म्हणून पुढे जात. शालिनी म्हणाली, "नोकरी गेली तर गावाक जाऊया आणि आंबे विकूया." तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. वही टेबलावर उघडी होती.

"हा मी का?"

"हो, सर."

"कुठला मासा म्हणतात हा?"

"पापलेट, सर."

"हं. चांगल्यापैकी समजतात का?"

"फार चांगला, सर. सगळ्यात महाग."

त्यांनी चष्मा सारखा केला. मग पान उलटलं. "आणि हे बापट?"

"शिंगाळा, सर."

"तो?"

"स्वस्त असतो, सर."

देवस्थळीसरांनी वही मिटली, माझ्या हातात दिली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "असल्या गोष्टी शाळेत आणत जाऊ नका." मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "परब, काटे फार असतात का हो त्याला?" महिन्याभरात अख्ख्या शाळेत बापटसरांचं नाव काय पडलं हे सांगायला नको. मी कुणाला बोललो नव्हतो. ती वही मी सोडून एकाच माणसाने पाहिली होती.

असा मी मजेत असताना वार्षिक परीक्षा आली. स्मरणचित्राचा विषय होता 'समुद्रकिनारा'. प्रमिलेचा पेपर मी मुद्दाम वर काढून ठेवला. या खेपेला मला बघता येणार होतं. पेपर उघडला. होडी, माड, मावळता सूर्य, आणि पाण्यातून उड्या मारणारे पाच मासे. दोन कमानी, गोल डोळा, चंद्रकोरींचे खवले. पाचही हसत होते.

मी तिला बोलावून घेतलं. "हे काय? तुझे मासे कुठे गेले?"

"घरी आहेत, सर."

"म्हणजे?"

"खरे मासे मी घरच्या वहीत काढते. पेपरात तुमचा काढायचा ना. मार्क तुमच्या माशाला मिळतात."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. बाजारात कुठे बसलं की गिऱ्हाईक येतं, हे सांगावं तसं तिने सांगितलं. मी सहा महिने तिच्या आईजवळ बसून शिकत होतो, आणि तेवढ्या वेळात ही मुलगी माझ्याकडून हे शिकली होती. नियमाप्रमाणे चित्र स्वच्छ होतं. मी बेचाळीस दिले. दिलेल्या मार्कांची लाज वाटण्याची माझी ती पहिलीच वेळ.

"घरची वही दाखवशील?"

आठवड्याने ती घेऊन आली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांची सुईदोऱ्याने शिवलेली वही. मी ती उभ्याउभ्याच पाहिली आणि मग खाली बसलो. आईचा हात, फक्त मनगटापर्यंत. वाळत घातलेली मासळी आणि तिच्यावरचा कावळा. एक रिकामी पाटी, तळाशी चिकटलेले चार खवले. कमीत कमी रेघा, आणि एकही रेघ उगाच नाही.

त्यानंतर फळ्यावरचा माझा मासा मी बंद केला. पोरांची गैरसोय झाली. बापटसरांनीही तक्रार केली, की चित्रकलेत उगाच अवघड विषय देतात.

पुढच्या वर्षी पार्ल्याच्या एका वाचनालयाने त्यांचा लहान हॉल चार दिवसांसाठी दिला आणि मी माझं पहिलं प्रदर्शन लावलं. सतरा चित्रं, सगळी बाजाराची. आणि अठरावी चौकट प्रमिलेच्या रिकाम्या पाटीची. तिला विचारून लावली होती. तिची एकच अट होती. "माझं नाव नका लिहू, सर. आई सगळ्या वेसाव्याला सांगत सुटेल."

पहिल्याच दिवशी हिराबाई प्रमिलेसकट आली, बरोबर बाजारातल्या पाच जणी. लुगडी नेसून, अंबाड्यांत फुलं माळून, गळ्यात होतं नव्हतं ते सोनं घालून. भिंतीवर आपापले चेहरे बघून त्यांनी जो कालवा केला, त्याने वाचनालयातले पेन्शनर वर्तमानपत्रं टाकून हॉलमध्ये आले. एका चित्राचा रंग ओला होता. हिराबाई एका पेन्शनरला तिथे घेऊन गेली आणि म्हणाली, "हात लावून बग, ताजं हाय." त्याने लावला. त्या सुरमईच्या पोटावर अजून त्याचा अंगठा आहे.

एवढ्यात कला महाविद्यालयातले आमचे जुने सर आले. मी पत्र टाकलं होतं, पण ते येतील असं वाटलं नव्हतं. सर बोलायचे फार कमी. काठी टेकत एकेका चित्रासमोर थांबायचे, "हं" म्हणायचे, पुढे सरकायचे. सतरा वेळा "हं". अठराव्या चौकटीसमोर ते उभे राहिले ते उभेच.

"हे काढताना तू घाबरला नव्हतास," ते म्हणाले. "बाकी ठिकाणी चांगलं दिसावं म्हणून धडपडलायस. इथे नुसतं बघितलंयस. हे तुझं सगळ्यात चांगलं चित्र."

मी गप्प राहिलो.

कारण होतं ना, मी मुलीला शब्द दिला होता. फार सोयीचा शब्द. सरांकडून असं वाक्य ऐकायला मी पंधरा वर्षं थांबलो होतो, आणि ते माझ्या दोन्ही कानांत गोड वाजत होतं. प्रमिला चार पावलांवर उभी होती. ती मान थोडी तिरकी करून माझ्याकडे बघत राहिली. मी किती वेळ गप्प होतो ते सांगत नाही.

हिराबाई मधे घुसली. "ही पाटी माजी हाय!" तिने चौकटीच्या काचेवर बोट आपटलं. "ह्या काठाला तार मी बांदलीय. पन मास्तर, तू कवा काडलीस? बाजारात माजी पाटी कदी रिकामी नसते. रिकामी व्हते घरी. घरी तर तू कदी आला नाहीस." ती थांबली. मग हळूच वळली. "परमिला!"

प्रमिलेने खाली बघितलं.

"हो सर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "ते हिचं आहे. आठवीत आहे."

सरांनी मुलीकडे पाहिलं. मग भिंतीकडे काठी फिरवली. "आणि बाकीची तुझी?"

"हो, सर."

"हं," सर म्हणाले. "मग हिच्याकडे शिकवणी लाव."

कोळणी हसल्या, पेन्शनर हसले, नाइलाजाने मीही हसलो. हिराबाई मात्र हसत नव्हती. ती काचेला नाक लावून आपली पाटी बघत होती, जणू त्या पाटीने इतकी वर्षं तिच्यापासून काही लपवलं होतं.

सर गेल्यावर मी प्रमिलेजवळ गेलो आणि ऐकू येईल इतपतच म्हणालो, "चूक झाली माझी. लगेच सांगायला हवं होतं."

तिने थोडा विचार केला. "रविवारी या, सर," ती म्हणाली. "आमच्या घरी. पण खोडरबर आणू नका."